काका, अंतोबा वाजला

काका, हॉल भरला. बाकीचं सगळं नंतर, आधी हे.

तुमचा अंदाज होता की ऑर्केस्ट्रातल्या लोकांचे नातेवाईक येतील, मराठी मंडळातली चार घरं काकूंच्या भिडेखातर येतील आणि उरलेल्या खुर्च्यांवर लोक आपापले कोट ठेवतील. तसं काही झालं नाही. रविवारी दुपारी चर्चच्या त्या हॉलमध्ये कोट ठेवायला जागा नव्हती. दाराशी लोक उभे होते. तुमची खुर्ची, दुसऱ्या व्हायोलिनांच्या शेवटच्या रांगेतली, रिकामी ठेवायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं. तिच्यावर पांढरी फुलंही आणून ठेवली होती. पण सुरू व्हायच्या जरा आधी एक म्हाताऱ्या बाई वॉकर घेऊन आत आल्या आणि त्यांना बसायला कुठेच जागा दिसेना. तुम्हाला व्हायोलिन शिकवणाऱ्या ग्रेसने इकडे तिकडे पाहिलं, फुलं उचलून पियानोवर ठेवली आणि तुमची खुर्ची त्या बाईंना देऊन टाकली. मला आधी हसू आलं आणि मग रडू. तुम्ही असतात तर तुम्हीच दिली असतीत आणि उभ्याने वाजवलं असतंत.

तुम्हाला जाऊन अजून दोन महिनेही झाले नाहीत. मंडळाच्या अंकात तुमच्यावर काहीतरी लिही, असं मला सांगितलंय. तुम्ही कुठे शिकलात, मिशिगनमध्ये कधी आलात, भूलतज्ज्ञ म्हणून किती वर्षं काम केलंत, हे लिहायला माझ्यापेक्षा जुनी माणसं आहेत. मला तुम्हाला कार्यक्रम कसा झाला ते सांगायचंय. तो तुमच्याशिवाय झाला, आणि तुम्हाला सोडून दुसऱ्या कोणाला ते सांगण्यात काही मजा नाही. पण अंक वाचणाऱ्यांना अंतोबा कोण हे माहीत नसणार, म्हणून थोडं मागून सुरू करते. तुम्ही मध्येच दुरुस्त करणार नाही आहात, याची अजून सवय झालेली नाही.

आपली ओळख प्रिंटरमुळे झाली. मी नागपूरहून इथे ॲन आर्बरला नोकरीसाठी आले त्या वर्षीच्या गणपतीत नलिनीकाकूंनी मला मोदकांच्या रांगेत गाठलं आणि विचारलं, तुम्ही आयटीतल्या ना, आमचा प्रिंटर बघाल का. पुढच्या शनिवारी मी तुमच्या बेसमेंटमध्ये होते. प्रिंटरला काहीही झालेलं नव्हतं, नुसती शाई संपली होती, कारण तुम्ही त्यावर अडीचशे वर्षांपूर्वीच्या स्वरलिपीची पानंच्या पानं छापत होतात. भिंतीला टेकून एक व्हायोलिन होतं. तुम्ही निवृत्त झाल्यावर ते शिकायला घेतलं होतंत. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता जरा जागं करून बघतो, असं तुम्ही मला म्हणालात. वरून काकूंचा आवाज आला की जागं करताय ते खरं आहे.

छापलेली पानं होती एका जर्मन दरबारी वादकाची. त्याचं आडनाव उच्चारताना जीभ अडकायची म्हणून तुम्ही त्याच्या पहिल्या नावावर काम भागवलं. अँटनचा अंतोबा झाला. दक्षिण जर्मनीतल्या एका लहानशा संस्थानात तो व्हायोलिन वाजवायचा आणि राजासाठी संगीत लिहायचा. त्याच्या रचना कुठेही पुस्तकरूपाने आल्या नव्हत्या. राजवाड्याच्या ग्रंथालयात त्या पडून होत्या, आणि कोणीतरी त्यांचे फोटो काढून इंटरनेटवर ठेवले होते. तुम्ही ते कसे शोधलेत? तुमची शिक्षिका ग्रेस हिने तुम्हाला सोपं काहीतरी शोधा म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही सर्चमध्ये ‘सोपं दुसरं व्हायोलिन’ असं टाकत टाकत तिथे पोहोचलात. कितीतरी मोठे विद्वान ज्याच्या दारावरून निघून गेले, त्याच्या घरात तुम्ही सोपा धडा मागायला शिरलात.

हे दुसरं व्हायोलिन म्हणजे काय, तेही तुम्हीच मला शिकवलंत. एक मुख्य व्हायोलिन पुढे उभं राहून गातं, मागे पूर्ण वाद्यवृंद, आणि त्यात दुसऱ्या व्हायोलिनवाल्यांनी नुसतं डुगुडुगु करत राहायचं. चाल दुसऱ्यांची, डुगुडुगु आपलं. तुम्ही कित्येक महिने फक्त तेवढंच वाजवत होतात. काकू त्याला गिरणी म्हणायच्या. गिरणी सुरू झाली, असं म्हणून त्या वरच्या मजल्यावर जाऊन फोन करायच्या. गंमत म्हणजे त्या डुगुडुगुच्या वर चाल कोणती आहे, हे तुम्हालाही माहीत नव्हतं. प्रत्येक वाद्याची पानं वेगळी होती. ती सगळी एकत्र मांडून वाचण्याइतकं तुम्हाला येत नव्हतं, आणि मला तर काहीच येत नव्हतं.

मग त्या हिवाळ्यात आपण ते काम काढलं. मी लॅपटॉपवर स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर घातलं. तुम्ही भिंग घेऊन पानं वाचायचात, मी टाइप करायचे. बाहेर बर्फ, खाली आपण दोघं, काकू मध्येच चहा आणि भाजके शेंगदाणे घेऊन यायच्या आणि एक बाई असून मी या वेडात कशी पडले म्हणून माझ्याकडे बघायच्या. मला तरी काय सांगता येणार होतं. दिवसभर मी ऑफिसमध्ये दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधल्या चुका शोधायचे. तुमच्या बेसमेंटमध्येही दुसऱ्याने लिहिलेल्यातल्या चुकाच शोधायचे, पण तिथून घरी जाताना माझं पोट भरलेलं असायचं. शेंगदाण्यांनी नव्हे.

शेवटचं वाद्य टाइप करून झालं ती शनिवारची दुपार मला लख्ख आठवते. तुम्ही म्हणालात, लाव. मी बटण दाबलं. कॉम्प्युटरचा आवाज पत्र्यासारखा होता, पण सगळी वाद्यं पहिल्यांदाच एकत्र वाजत होती. आधी तुमचं डुगुडुगु आलं. तुम्ही मान डोलावलीत, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. आणि मग त्याच्यावरून ती चाल निघाली. तुम्ही खुर्चीतून उठलात. भिंग हातात तसंच होतं.

“अगं, हा गातोय,” तुम्ही म्हणालात. “मी इतके महिने याला खांदा देत होतो आणि मला माहीतच नव्हतं हा काय गातोय.”

आपण ती चाल त्या दुपारी इतक्या वेळा ऐकली की शेवटी काकू खाली आल्या. आता बंद करा असं सांगायला त्या आल्या होत्या. पण पायरीवर बसून त्यांनी पूर्ण ऐकली, वर गेल्या, आणि स्वयंपाक करता करता तीच गुणगुणत होत्या. तुम्ही मला खूण करून ऐकवलंत.

त्यानंतर तुम्हाला अंतोबाच्या आयुष्याचं वेड लागलं. त्या गावच्या दप्तरखान्यातल्या बाईंना तुम्ही ईमेल करून करून भंडावलंत, आणि त्याही बिचाऱ्या उत्तरं देत राहिल्या. हे सगळं तुम्ही मला मंगळवारी गाडीत सांगायचात. डोळ्यांमुळे तुम्ही हिवाळ्यात संध्याकाळी ड्राइव्ह करणं सोडलं होतं आणि ऑर्केस्ट्राच्या तालमीला मी तुम्हाला सोडायचे. हा ऑर्केस्ट्रा म्हणजे गावातल्या हौशी लोकांचा. दातांचे डॉक्टर, शाळेतल्या शिक्षिका, सिटी बसचा एक ड्रायव्हर, विद्यापीठातली दोनतीन पोरं, आणि सगळ्यांना सांभाळून घेणारी ग्रेस. तुम्ही सीटबेल्ट लावला की कथा सुरू. कधी कधी पार्किंगमध्ये पोहोचल्यावरही तुम्ही उतरत नव्हतात, कारण राजाने अजून उत्तर दिलेलं नसायचं.

तर अंतोबा. बाप गावच्या मनोऱ्यावरून कर्णा वाजवणारा. पोराचा गळा चांगला म्हणून चर्चच्या गायकांत घेतलं, आवाज फुटला तेव्हा हातात व्हायोलिन दिलं. विशीच्या आत तो राजाच्या चाकरीत लागला. हिरवा कोट, चांदीची बटणं. जेवायला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, आचारी आणि घोड्यांचे मोतद्दार यांच्या पंगतीला. तो लिहील ते संगीत राजाच्या मालकीचं, बाहेर कोणाला नक्कल द्यायची नाही. गावाबाहेर जायचं तर परवानगी. लग्न करायचं तर परवानगी. एका गाणाऱ्या मुलीवर त्याचं मन बसलं होतं, आणि राजाने परवानगी द्यायला इतका वेळ लावला की लग्नात दोघांचेही केस पांढरे दिसायला लागले होते. हे पांढऱ्या केसांचं दप्तरात नव्हतं, तुमचं होतं. मी विचारलं तर म्हणालात, पावडर लावायचे त्या काळी, पांढरेच दिसणार.

मग त्याची कीर्ती थोडी बाहेर गेली. एका मोठ्या शहरातून बोलावणं आलं, इथे येऊन वाजवा. त्याने राजाकडे रजा मागितली. राजाने नाही म्हटलं. पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा मागितली, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी राजाने नकाराबरोबर वाइनचं एक पिंप पाठवलं. अंतोबा राहिला. लिहीत राहिला. पुढे तो राजा वारला, गादीवर पुतण्या आला, त्याला फक्त शिकारीचा नाद. त्याने वाद्यवृंद मोडला आणि शिकारीत फुंकायला लागतात म्हणून नुसते कर्णेवाले ठेवले. अंतोबाचं वय झालेलं. व्यापाऱ्यांच्या मुलींना व्हायोलिन शिकवत, रविवारी चर्चमध्ये वाजवत त्याने उरलेले दिवस काढले. त्याचं संगीत राजवाड्यातच राहिलं, कारण ते त्याचं नव्हतंच.

इथे आपला वाद सुरू व्हायचा.

मी म्हणायचे, काका, हा माणूस बांधलेला होता. मी हे रागाने म्हणायचे, आणि तुम्हाला माहीत होतं मी कोणाबद्दल बोलतेय. माझ्या ग्रीन कार्डाची रांग हलत नाही. नोकरी बदलायची तर नव्या कंपनीने कागद करायला हवेत, घरी आईचं ऑपरेशन असलं तरी जाण्याआधी व्हिसाच्या शिक्क्याचा विचार करायचा. दोन वर्षांपूर्वी रेडमंडच्या एका कंपनीत मला हवं तसं काम मिळत होतं, आणि वकिलाने आता हलू नका असं सांगितल्यावर मी ते सोडलं. पिंपसुद्धा आलं नाही, काका, नुसता वर्षअखेरीचा बोनस.

तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मग म्हणायचात, पण अंतोबा सुखी होता. मी विचारायचे, हे तुम्हाला कोणी सांगितलं. तुमचं उत्तर ठरलेलं असायचं. तो सकाळी जे लिहायचा ते संध्याकाळी वीसपंचवीस माणसं त्याला वाजवून दाखवायची. रोज. असं सुख कुठल्या मोकळ्या माणसाला मिळालंय ते सांग. मी म्हणायचे, ही झाली सोय. पिंजऱ्यात दाणे वेळेवर मिळतात.

मग तुम्ही मला ती खूण दाखवलीत. पहिला भाग संपत आला की सगळा वाद्यवृंद थांबतो आणि कागदावर फक्त एक अर्धवर्तुळ, त्याच्या पोटात टिंब. चंद्रबिंदू उलटा करून ठेवावा तसं. तिथे अंतोबाने काही लिहिलेलं नाही. तिथे मुख्य वादकाने एकट्याने मनात येईल ते वाजवायचं. तुम्हाला इतका आनंद झाला होता की पार्किंगमध्ये तुम्ही गाडीच्या काचेवर बोटाने ती खूण काढलीत. ही जागा राजाची नाही, तुम्ही म्हणालात, इथे तो काय वाजवील ते राजालाही ऐकल्याशिवाय कळणार नाही. मी म्हटलं, म्हणजे लंच ब्रेक. तुम्ही दार उघडून उतरलात आणि त्या दिवशी तालीम संपल्यावर घरी येईपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत.

एकदा मात्र खरंच भांडण झालं. मी म्हटलं की तुम्ही आलात तेव्हा या देशाला डॉक्टर हवे होते, पायघड्या घालून घेतलं तुम्हाला, बांधलेल्या माणसाचं दुःख तुम्हाला काय कळणार. तुम्ही शांतपणे विचारलंत, अंतोबा रोज संध्याकाळी आपलं लिहिलेलं ऐकायचा, तू काय ऐकतेस? मला ते फार लागलं. पुढचा मंगळवार मी बरं नाही म्हणून टाळला. त्याच्या पुढच्या मंगळवारी तुम्ही फोन केलात, म्हणालात, राजाच्या पुतण्याबद्दल नवीन कळलंय, येतेस ना. मी आले. त्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. ते तसंच राहिलं.

ग्रेसला तुम्ही अंतोबा ऐकवलात आणि तिने तो वसंतातल्या कार्यक्रमात घ्यायचं ठरवलं. मुख्य व्हायोलिन ती स्वतः वाजवणार. तुम्ही लहान मुलासारखे झाला होतात. भेटेल त्याला आमंत्रण. पटेलांच्या दुकानात भाजी घेताना, दवाखान्यात रांगेत, सगळीकडे अंतोबा. त्या चंद्रबिंदूच्या जागी काय वाजवायचं यावर तुम्ही ग्रेसला रोज नवीन सूचना पाठवत होतात. तिने हसून सांगितलं की डॉक्टर, ती जागा माझी आहे.

आणि मग ती सकाळ. तुम्ही ड्राइव्हवेवरचं शेवटचं बर्फ काढायला बाहेर गेलात आणि काकूंना खिडकीतून फक्त फावडं उभं दिसलं. ह्याबद्दल मी लिहिणार नाही. सगळ्यांना माहीत आहे, आणि तुम्हाला त्यात गोडी वाटली नसती.

पण नंतर जे झालं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. ऑर्केस्ट्राच्या समितीतल्या लोकांना वाटलं, इतक्यात कार्यक्रम नको. पुढे ढकलू, किंवा अंतोबा वगळून सगळ्यांना येणारं काहीतरी घेऊ, घरच्या लोकांना त्रास नको. ग्रेसने मला फोन करून विचारलं, आणि मी काकूंकडे गेले. घरात माणसं होती, कोणाचे डबे येत होते, कॅरी गावाहून तुमची मुलगी आली होती. मी अडखळत सांगितलं. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि माझाच फोन मागितला. ग्रेसशी त्या कधी चार वाक्यं बोलल्या नव्हत्या. त्यांनी उभ्या उभ्या, पदर खोचून, इंग्रजीत सांगितलं की कॅन्सल काहीही करायचं नाही. मग फोन माझ्याकडे देत मराठीत म्हणाल्या, “तिला नीट समजव. माझ्या घरात दोन वर्षं गिरणी चाललीय. पीठ कुठाय ते मला बघायचंय.”

मी ग्रेसला ते कसंबसं भाषांतर करून सांगितलं. ती म्हणाली, सांग त्यांना, मिळेल.

तर रविवार. तुमचा अंतोबा मध्यंतरानंतर होता. काकू पहिल्या रांगेत, मोतिया रंगाची साडी आणि वर तुमचा तो जाड करडा स्वेटर, कारण हॉलमध्ये गार होतं. मी शेजारी. ग्रेस येऊन उभी राहिली आणि दोन वाक्यं बोलली. हे संगीत या देशात कदाचित पहिल्यांदाच वाजतंय, आणि ते आपल्यापर्यंत कसं आलं हे शेवटच्या रांगेतल्या एका माणसाला विचारा, तो आज इथे नाही. एवढंच. तिने भाषण केलं नाही, तुम्हाला आवडलं असतं.

आणि सुरू झालं, काका. डुगुडुगु. पत्र्याचा कॉम्प्युटर नाही, खरी माणसं, खऱ्या तारा, लाकडी जमिनीतून पायात येणारं. तुमचा तो बस ड्रायव्हर मित्र ओठ घट्ट मिटून इतका जोर लावत होता की मला त्याच्या गजाची काळजी वाटली. मग ग्रेसची चाल निघाली आणि काकूंनी माझं मनगट धरलं. त्या चाल ओठातल्या ओठात म्हणत होत्या. पूर्ण पाठ. त्यांनी कधी सांगितलं होतं का तुम्हाला, की त्यांना सगळी पाठ आहे?

एका ठिकाणी हॉर्नवाले घसरले. जिथे प्रत्येक तालमीत घसरायचे तिथेच. तुम्ही डोळे मिटून घेतले असतेत.

आणि मग ती जागा आली. सगळे थांबले. ग्रेस एकटी. मला वाटलं होतं ती काहीतरी अवघड, चमकदार वाजवेल, तिला येतंही. तिने गज सगळ्यात जाड तारेवर ठेवला आणि डुगुडुगु सुरू केलं. नुसतं तेच. हळू, तुमच्या गतीने, आणि शपथ घेऊन सांगते, तुम्ही घ्यायचात तिथेच श्वास घेऊन. प्रेक्षकांना काही कळलं नसेल. पण दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेत एकेकाचा चेहरा बदलत गेला, आणि वॉकरवाल्या बाई तुमच्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या. मग त्या डुगुडुगुमधून ग्रेसने एकेक स्वर वर काढला. त्यातूनच, त्या मागच्या रांगेतल्या कामातूनच, तिने हळूहळू एक चाल उभी केली. अंतोबाची नव्हती. कोणाचीच नव्हती. ती वाढत वाढत उंच उंच गेली. मग ती एका लांब स्वरावर थांबली, ग्रेसने वाद्यवृंदाकडे बघितलं, आणि सगळे एकदम आत आले.

पहिला भाग संपल्यावर टाळ्या वाजवायच्या नसतात, हे तुम्ही मला शिकवलंय. मंडळातल्या लोकांना तुम्ही शिकवलं नव्हतं. त्यांनी हॉल डोक्यावर घेतला आणि बाकीचेही त्यांच्याबरोबर वाजवू लागले. ग्रेसही हसली.

तिसऱ्या भागाबद्दल आपला वाद होता. तुम्ही म्हणायचात, हा हसणाऱ्या माणसाने लिहिलाय. मी म्हणायचे, पळणाऱ्या माणसाने. त्यावर येते.

कार्यक्रम झाल्यावर लोक काकूंना भेटायला रांग लावून होते. ग्रेसने येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. काकूंनी तिला मराठीतच सांगितलं की बाई, छान झालं हो, आणि ग्रेसला ते कळलं. मग मी त्यांना घरी सोडायला निघाले. तुमची मुलगी मागून दुसऱ्या गाडीने येणार होती. अजून उजेड होता. घरासमोर मी गाडी थांबवली आणि काकू उतरल्या नाहीत. तुमच्यासारख्याच बसून राहिल्या.

मग त्यांनी मला तुमच्या वडिलांबद्दल सांगितलं.

मला वाटायचं तुमचे वडील शाळेत होते, कारण कधीतरी तुम्ही तसं काहीतरी म्हणाला होतात. काकू म्हणाल्या, शाळेत होते ते नंतर, गाणं शिकवायला, आणि तेही थोडी वर्षं. त्याआधी ते संस्थानच्या बँडात होते. दक्षिणेतलं लहानसं संस्थान, राजेसाहेबांना विलायती संगीताचा शौक, गोव्याहून मास्तर आणले होते. तुमचे वडील व्हायोलिन वाजवायचे. लाल कोट, पितळी बटणं. राजेसाहेबांच्या वाढदिवसासाठी त्यांनी स्वतः एक चाल बांधली होती आणि ती सगळ्या बँडाने दरबारात वाजवली होती. मग संस्थान विलीन झालं. बँड मोडला. वाद्यं, कागद, कोट सगळं कुठे कुठे गेलं. तुमचे वडील लग्नाच्या वरातींत वाजवायला लागले. वरातीत व्हायोलिन कोणाला ऐकू येणार, म्हणून क्लॅरिनेट शिकले. तुम्ही शाळेत असताना पोरं तुम्हाला वाजंत्र्याचा म्हणून चिडवायची.

“यांना वाईट वाटायचं,” काकू म्हणाल्या. “मामंजींना नाही वाटायचं. ते म्हणायचे, मी इतकी वर्षं रोज त्या वाद्यवृंदात बसलोय, ते माझ्याकडून कोण काढून घेणार. यांना ती वाढदिवसाची चाल मात्र आठवत नव्हती. फार आठवायचे. जेवताना एकदम हात थांबायचा, मला कळायचं काय चाललंय.”

मी स्टिअरिंग धरून बसले होते. म्हणजे प्रत्येक मंगळवारी, मी तावातावाने बांधलेल्या माणसाबद्दल बोलत असताना, तुमच्याजवळ घरचाच एक साक्षीदार होता. तुम्ही एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकला असतात. तुम्हाला काय कळणार असं मी म्हटलं तेव्हासुद्धा. मी काकूंना विचारलं की काकांनी मला हे का नाही सांगितलं.

“मीही विचारलं होतं त्यांना,” काकू म्हणाल्या. “तर म्हणाले, तिला सांगितलं तर ती वाद घालायची थांबेल.”

एवढं सांगून त्या उतरल्या, तुमच्या स्वेटरच्या बाह्या सारख्या केल्या आणि जिन्याशी वळून मला म्हणाल्या की आत ये, भात टाकते.

काका, मी थांबलेली नाही. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा, मनापासून. त्यांचं सुख खरं होतं हे मला मान्य, आणि अंतोबाचंही खरं असेल. पण ते एका सहीने संपलं हेही तितकंच खरं आहे, आणि ती सही ज्याच्या हातात होती त्याला पिंपाबद्दल धन्यवाद द्यायला मी तयार नाही. तुम्ही म्हणाल, मग ग्रेसने त्या जागेत जे केलं ते काय होतं. मी म्हणेन, ग्रेसला कोणाची परवानगी लागत नाही. तुम्ही दार उघडून उतराल. उतरा.

आणि तिसरा भाग. रविवारी ऐकताना मला पहिल्यांदाच तो माणूस हसताना ऐकू आला, एवढं मी देते तुम्हाला. पण त्याला धाप लागली होती, काका. स्वच्छ ऐकू येत होती. ते मी सोडणार नाही. बोला आता.